ऐंशीचा भाव म्हणजे ऐंशी टक्के नव्हे

आयपीएलचे दोन महिने मला खामगावात सुखाने चहा पिता येत नाही. मी गणिताचा मास्तर, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "सर, ऐंशीचा भाव हाये. म्हंजे ऐंशी टक्के जिकलेच समजा!" दर मोसमात बोलणारा बदलतो, वाक्य तेच राहतं.

तेव्हा एकदाच नीट सांगतो. क्रिकेटच्या सट्ट्यात भाव पैशांत बोलतात आणि तो 'फेव्हरिट' संघाचा असतो. ऐंशीचा भाव म्हणजे त्या संघावर रुपया लावला, तर संघ जिंकल्यावर ८० पैसे सुटतात आणि हरल्यावर अख्खा रुपया जातो. शंभर लावले तर येणार ८०, जाणार १००. या सौद्यात नुसतं बरोबरीत सुटायचं तरी १८० पैकी १०० वेळा जिंकावं लागतं. म्हणजे ५५.६ टक्के. ऐंशी टक्के कुठे आणि हे कुठे! ही तर जवळजवळ नाणेफेक झाली.

पुढची गंमत अशी की भाव जितका खाली, तितका संघ वरचढ. वीसचा भाव म्हणजे ८३.३ टक्के, पंचाण्णवचा म्हणजे ५१.३ टक्के. आमचे जाणकार मात्र पंचाण्णव ऐकलं की खूश होतात. परीक्षेत पंचाण्णव गुण पडल्यासारखे.

भाव सहसा जोडीने येतो, उदाहरणार्थ '८०-८२'. पहिला आकडा लगाईचा, म्हणजे फेव्हरिटवर पैसे लावण्याचा. दुसरा खाईचा, म्हणजे त्याच्याविरुद्ध जाण्याचा. खाई करणाऱ्याला फेव्हरिट हरल्यावर १०० मिळतात, जिंकल्यावर ८२ द्यावे लागतात. त्याची बरोबरी ४५ टक्क्यांवर होते. आता ५५.६ आणि ४५ यांची बेरीज करा. शंभराच्या वर जी साधारण अर्ध्या टक्क्याची शेपटी उरते, ती बुकीची. दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले, तर कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मुळात घोळ 'भाव' या शब्दाचा आहे. भाव म्हणजे भाकीत नव्हे. भाकीत ऐकायचं तर आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला जावं. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. भाव ही बाजार समितीतली गोष्ट. आडतीवर सोयाबीनचा भाव निघतो, तेव्हा व्यापारी पुढच्या महिन्याचं भविष्य सांगत नसतो. घेणारे किती, देणारे किती आणि मधल्याला किती सुटायला हवं, एवढंच त्या आकड्यात असतं. ज्या भावाच्या नावातच 'हमी' आहे, तोही पदरात पडेलच असं नाही, हे कापूसवाल्याला मी काय सांगणार? तोच कापूसवाला बुकीच्या भावावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो, याचा मला राग येतो.

कापसावरून दुसरा गैरसमज आठवला. वरली मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणजे दुकान उघडण्या-मिटण्याची वेळ, असं अनेकांना वाटतं. हे शब्द कापसाच्या बाजारातले आहेत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे दर तारेने मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर जुगार चाले. तो आधार तुटल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्रीने 'न्यू वरली' काढला. चिठ्ठ्या मडक्यातून काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा: ३, ६, ८ म्हणजे १७, आकडा सात. कापसाच्या मुलखात सट्टापट्टी लिहिणारा माणूस रोज कापसाचीच भाषा बोलतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

'चार्टचा अभ्यास केला की आकडा निघतो' हाही त्याच टपरीवरचा सिद्धांत. पत्त्यांना काल काय निघालं ते आठवत नाही. आकडे दहा आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. अभ्यास करायचाच असेल तर एवढाच पुरे.

बाकीचे भराभर उरकतो.

'खोका म्हणजे लाख.' नाही. लाखाची पेटी, कोटीचा खोका. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोक्यांच्या घोषणा झाल्या, त्यानंतर तरी ही चूक व्हायला नको होती.

'फिक्सिंग म्हणजे निकाल ठरलेला.' प्रत्येक वेळी नाही. २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत ठरले होते ते नो-बॉल. त्यासाठी पाकिस्तानचे तीन खेळाडू २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयातून तुरुंगात गेले. आणि समजा सगळंच ठरलेलं असतं, तरी ते तुम्हाला कोण सांगणार?

'सट्टा सगळाच बेकायदा.' परवानाधारक रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत अपवाद आहे. ती कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. बाकी मटक्याला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागतो.

'ॲपवर खेळलं की चालतं.' ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे सगळं मी परवा टपरीवर एका पोराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग सर, वीसच्या भावावरच लावत जातो ना. ते तर त्र्याऐंशी टक्के हाये."

मी त्याच्याकडून पेन मागितला आणि बिस्किटाच्या पुड्यावर मांडून दाखवलं. दर सामन्याला १०० रुपये, सहा सामने. पाच जिंकलास: पाच विसा शंभर आले. एक हरलास: शंभर गेले. सहापैकी पाच वेळा बरोबर येऊन हातात काय?

त्याने पुडा उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. चहाचे पैसे मात्र त्या दिवशी त्याने दिले.