लोखंड राखून

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. पुढची कित्येक वर्षं इथल्या गाळ्यांत लेथ, शेपर, मिलिंगचा आवाज होता. आज रोड नंबर १६च्या बाजूला आशर आयटी पार्कसारख्या इमारती आहेत आणि आत सॉफ्टवेअरवाल्यांची ‘स्प्रिंट’ची, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करण्याची भाषा चालते. मधल्या काळात वस्तू घडवण्याची रीतच बदलली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

प्लास्टिकच्या वस्तूंचा मोल्ड, म्हणजे साचा, करणारा टूलमेकर लोखंड राखून काम करतो. पोकळी किंचित लहान ठेवायची, ट्रायल घ्यायची, सॅम्पल मोजायचं, मग लागेल तेवढंच कापायचं. जास्त कापलं गेलं तर वेल्डिंगने भरावं लागतं आणि पॉलिशनंतरही तो डाग दिसू शकतो. फेऱ्याफेऱ्यांनी सुधारणं इथे होतंच. फक्त प्रत्येक फेरी महाग होती.

काही दोष मात्र फेऱ्यांना दाद देत नाहीत. झाकणाच्या आत जाड बरगडी असली की बाहेरच्या बाजूला खळगा पडतो, कारण जाड भाग उशिरा थंड होतो आणि आकसतो. प्रेशर वाढवा, होल्डिंग टाइम वाढवा. खळगा कमी होतो, जात नाही. अशा वेळी ड्रॉइंग समोर घेऊन विचारावं लागतं, बरगडी एवढी जाड कशाला? भिंतीच्या निम्म्या जाडीच्या दोन बरगड्या दिल्या तर काम भागतं. अलेक्स ऑसबॉर्न यांनी १९५३च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’मध्ये आधी प्रश्न नीट मांडा, भरपूर कल्पना काढा, पारख नंतर करा, असं सांगितलं, ते याच जागी उपयोगी पडतं.

फेऱ्याफेऱ्यांनी सॉफ्टवेअर घडवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१चा. पण तिच्यातल्या, स्प्रिंटवर चालणाऱ्या ‘स्क्रम’चं मूळ ताकेउची आणि नोनाका या अभ्यासकांच्या १९८६च्या लेखात आहे आणि त्यांनी अभ्यासली होती ती होंडाची गाडी, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपियर. सॉफ्टवेअरवाल्यांनी कारखान्यातलीच रीत उचलली. त्यांच्याकडे फेरी स्वस्त, म्हणून मूळ प्रश्न पुढच्या स्प्रिंटवर ढकलणं सोपं जातं. ही सवय मला घातक वाटते.

आता थ्रीडी प्रिंटरमुळे प्लास्टिकच्या भागाचा नमुनाही झटपट हातात येतो. आकार कळतो, जोडणी तपासता येते. बरगडीमागचा खळगा मात्र त्यात दिसत नाही. तो मोल्ड कापून झाल्यावर, पहिल्या ट्रायललाच दिसतो.