डोलवीची भट्टी आणि ग्रिडचं जुळं

वडखळ नाक्यावरून गोव्याच्या दिशेने गाडी वळली की डोलवी येतं. धरमतर खाडीकाठचा इथला पोलाद कारखाना पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने तो घेतला आणि पुढे त्याची वर्षाची क्षमता ५० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेली. इथल्या कॉनआर्क भट्टीत एकसारखी दोन पात्रं शेजारी शेजारी असतात, इलेक्ट्रोडचा संच मात्र दोघांत मिळून एकच. एका पात्रात ऑक्सिजन फुंकला जात असतो तेव्हा हे इलेक्ट्रोड दुसऱ्यात उतरतात आणि विजेचा आर्क पेटतो. तो कधी लांबतो, कधी आखूड होतो, कधी तुटतो. वीज पुरवणाऱ्याच्या दृष्टीने असं गिऱ्हाईक मोठं खरं, पण भलतंच लहरी.

अशा गिऱ्हाइकासोबत ग्रिड पुढच्या क्षणी कसं वागेल, हे आधीच पाहता आलं तर? जगभरच्या विद्यापीठांतल्या विद्युत विभागांत सध्या ज्या विषयावर पीएचड्या होत आहेत, त्या 'डिजिटल ट्विन'च्या, म्हणजे ग्रिडच्या संगणकी जुळ्याच्या, मुळाशी हाच प्रश्न आहे. ही कल्पना कारखान्यांतून आली. अमेरिकेत मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये ती वस्तूंच्या निर्मितीसाठी मांडली. संगणकावरचं साधं प्रतिमान एकदा बनवलं की तसंच राहतं. जुळ्याला मात्र खऱ्या यंत्रणेतून सतत मोजमापं मिळत राहतात आणि त्यानुसार ते स्वतःला बदलत राहतं. मग प्रत्यक्ष जाळ्याला हात न लावता त्याला विचारता येतं: ही वाहिनी आत्ता ट्रिप झाली तर?

मुंबईकरांना या 'तर'ची किंमत ठाऊक आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पडघा–कळवा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक पहाटेच बाद झाली होती. मग एकीचा भार दुसरीवर पडत गेला, आणि शहराला उरलेल्या जाळ्यापासून अलग ठेवून वाचवणारी १९८१ पासूनची आयलंडिंग यंत्रणाही तगली नाही. अशा वेळी नियंत्रण कक्षातल्या माणसाकडे वेळ मिनिटांत असतो आणि कधीकधी तेवढाही नसतो.

मोजमापं कशी मिळतात, याची गोष्ट जुळ्यापेक्षा जास्त रंजक आहे. जुनी स्काडा यंत्रणा काही सेकंदांनी एकदा आकडे पाठवते. दोन ठिकाणचे आकडे नेमके एकाच क्षणाचे आहेत का, याची खात्री नसते. ग्वाल्हेरला १९३८ साली जन्मलेले अरुण फडके यांनी जेम्स थॉर्प यांच्यासह व्हर्जिनिया टेकमध्ये ही अडचण सोडवली. १९८८ मध्ये तिथे पहिलं फेझर मापन यंत्र, म्हणजे पीएमयू, तयार झालं. उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून ते व्होल्टेजच्या लाटेचा कोन मोजतं आणि सेकंदाला २५ किंवा ५० वेळा पाठवतं. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं तर ५० हर्ट्झच्या लाटेत ०.०१८ अंशाची चूक होते. ३२ मायक्रोसेकंदांच्या आसपास चुकलं की मोजमापाची चूक एक टक्क्यावर जाते, आणि मानकांत मर्यादाही तेवढीच आहे. सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी २०१३ च्या ३१ डिसेंबरला जोडली गेली आणि अख्खा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. एवढ्या पसाऱ्यात मायक्रोसेकंदांचा हिशेब ठेवणारं हे यंत्र एका मराठी आडनावाशी जोडलेलं आहे, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी सांगितली जायला हवी तेवढी जात नाही.

पण पीएमयू चार लाख व्होल्टला थेट भिडत नाही. मध्ये उभा असतो सीव्हीटी. उपकेंद्राच्या यार्डात चिनी मातीचा, चकत्याचकत्यांचा उंच पोकळ खांब दिसतो, तो हाच. आत कपॅसिटरांची चळत असते आणि खाली तेलाची टाकी. मीटरला झेपेल असं ११० व्होल्टच्या पातळीचं व्होल्टेज तो काढून देतो. वर्षांमागून वर्षं उभा राहिल्यावर चळतीतला एखादा कपॅसिटर आतल्या आत शॉर्ट होतो. बाहेरून काही दिसत नाही. वरच्या भागातला गेला तर मोजलेलं व्होल्टेज किंचित चढतं, खालच्या भागातला गेला तर उतरतं. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र जणू ग्रिडचंच व्होल्टेज बदललेलं दिसतं. कोकणात त्यात खारा वारा आणि धूळ यांची भर. पावसाळ्यात इन्सुलेटर धुऊन निघतात. नंतरच्या कोरड्या महिन्यांत मिठाचं पुट चढतं, पहाटेच्या दवाने ओलं होतं, आणि पृष्ठभागावरून प्रवाह झिरपू लागतो. म्हणून यार्डातले लोक इन्सुलेटर धुण्याला किरकोळ काम समजत नाहीत.

खोटं बोलतोय तो सीव्हीटी की ग्रिड? वाहिनीच्या दोन्ही टोकांचे फेझर किरचॉफच्या नियमांवर घासून पाहिले की खोटं बोलणारा सापडू शकतो. पॉवरग्रिड या केंद्रीय पारेषण कंपनीच्या देशव्यापी पीएमयू प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने याच जातीच्या गणिती पद्धती विकसित केल्या. जुळं दिसायला चकाचक असलं तरी त्याची अक्कल या चिनी मातीच्या खांबापेक्षा जास्त असू शकत नाही.

खरी अडचण मात्र यार्डात नाही, खऱ्या नोंदी संशोधकांपर्यंत पोहोचण्यात आहे. मुंबईची वीज गेल्यानंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर हल्ल्याचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी चूक माणसाची असल्याचं सांगितलं. खरं काहीही असो, जाळ्याची माहिती बाहेर देण्याबाबतची धास्ती त्यानंतर वाढली तर नवल नाही. परिणाम विचित्र आहे. महाराष्ट्रातला पीएचडीचा विद्यार्थी पुष्कळदा 'न्यू इंग्लंड ३९ बस' या अमेरिकी नमुन्यावर काम करतो: दहा जनित्रं, ३९ बस म्हणजे जोडबिंदू, सगळे आकडे साफ. त्यात खारी हवा नाही, लहरी भट्टी नाही, आतून सडलेला सीव्हीटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि विजेचे खांब आडवे झाले, तसा एखादा दिवसही नाही. एवढ्या निर्मळ जाळ्यावर सिद्ध झालेली पद्धत डोलवीजवळच्या नागोठण्यात टिकेलच, याची हमी कोण देणार?

दाभोळची वीज पडघ्याकडे नेणारी ४०० केव्हीची वाट नागोठण्यावरून जाते. डोलवी नागोठण्याच्या उत्तरेला आहे. त्याच मुंबई–गोवा महामार्गावर दक्षिणेला लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीने उपकेंद्राची नावं झाकून, वर्षभर जुन्या फेझर नोंदी अशा विद्यापीठांना द्याव्यात. एवढ्या शिळ्या नोंदींनी हल्लेखोराचं फारसं साधणार नाही. विद्यापीठांनीही प्रबंधाचं एक प्रकरण तरी खऱ्या यार्डातल्या चुकीच्या आकड्यांवर लिहून घ्यावं.