अंगठ्यापुरते भोक

एका हाताने उघडणाऱ्या खिशातल्या चाकूंवर लिहा, असे संपादक म्हणाले तेव्हा मला आधी आठवला रामपुरी. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाने तो मुंबईच्या गल्लीबोळांत इतका नाचवला, की उत्तर प्रदेशातले रामपूर नकाशावर दाखवता न येणारा माणूसही चाकू ओळखतो. पण खटक्याच्या चाकूत काम करते ती स्प्रिंग; बोटाला फक्त परवानगी द्यायची असते. मला कुतूहल होते ते स्प्रिंगशिवाय, निव्वळ अंगठ्याच्या जोरावर उघडणाऱ्या चाकूचे.

जुन्या घडीच्या चाकूला पात्याच्या पाठीलगत एक बारीक खाच असते. तिच्यात नख अडकवायचे, दुसऱ्या हाताने मूठ धरायची आणि ओढायचे. भाजी निवडताना किंवा आंबा कापताना हे चालते. शिडाचा दोर एका हातात धरलेल्या खलाशाला, कड्याला लटकलेल्या गिर्यारोहकाला, खांबावर चढलेल्या वायरमनला दुसरा हात आणायचा कुठून? ज्याला मुळात एकच हात आहे त्याची गोष्ट तर वेगळीच. 1964 पासून अमेरिकेत गाजलेला बक कंपनीचा 110 हा चाकू दणकट होता, उघडल्यावर पाते पक्के अडकायचे. पण तोही दोन्ही हात मागायचा.

उत्तर सापडले कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावात. सॅल आणि गेल ग्लेसर हे जोडपे पावाच्या जुन्या गाडीचे घर करून प्रदर्शनांतून फिरायचे, छोटी अवजारे आणि धार लावायची साधने विकायचे. त्यांच्या ‘स्पायडरको’ कंपनीने 1981 मध्ये पहिला चाकू आणला, नाव ‘वर्कर’. तो घडवला जपानच्या सेकी शहरात, जिथे तलवारींच्या काळापासून पोलाद ठोकले जाते. त्याला खिशाच्या काठाला अडकणारी क्लिप होती. आणि पात्यात, मुठीच्या जरा पुढे, एक गोल भोक.

मला मोह पडला तो या भोकाचा. एका मित्राचा स्पायडरकोचा ‘डेलिका’ मी लिहिताना टेबलावर ठेवला आहे. पाते जेमतेम 73 मिलिमीटर. अंगठ्याचे पेर भोकावर ठेवले की मांस किंचित आत दबते आणि भोकाची कड त्याला धरते. नवखा माणूस अंगठा सरळ पुढे रेटतो आणि पाते अर्ध्यावर अडते. खिळीभोवती पाते जसे फिरते तसा अंगठाही कमानीत फिरायला हवा. हे एकदा हाताला कळले की डोळ्यांची गरज उरत नाही. हातमोजा असो, बोटे ओली असोत, माणूस डावखुरा असो, भोक दोन्ही बाजूंनी सारखेच. त्यात सैल होणारा स्क्रू नाही, मोडणारा भाग नाही. धातू काढून टाकून बनवलेला हा भाग आहे.

किंमत मोजावी लागते ती रुंदीत. भोक मुठीच्या बाहेर राहायला हवे, म्हणून पात्याला पाठीवर कुबड येते आणि बंद चाकू खिशात फुगलेला राहतो. गोल भोक हे कंपनीचे व्यापारचिन्ह झाल्यामुळे इतरांनी लांबट भोके पाडली. कुणी पात्याला अंगठ्यासाठी खुंटी बसवली. ती सुटसुटीत, पण खिशात हात घातला की बोटाला टोचते. चाकू घडवणारे अर्नेस्ट इमर्सन यांनी पात्याच्या पाठीवर आकडा काढला, तो खिशाच्या काठात अडकतो आणि चाकू बाहेर येता येताच उघडतो. तो पाहून मी थक्क झालो, पण माझ्या खिशाची मला काळजी आहे.

उघडण्याच्या या चढाओढीत खरी अक्कल लागते ती चाकू बंद ठेवायला. खिशात आपोआप उघडलेला चाकू मांडीच फाडणार. डेलिकासारख्या चाकूत पाठीतली पट्टी पाते आत दाबून धरते. चाकूंचे कारागीर मायकेल वॉकर यांनी ऐंशीच्या दशकात रूढ केलेल्या लायनर लॉकमध्ये पाते उघडे रोखणाऱ्या पट्टीतच एक इवलीशी गोळी असते; पाते मिटले की ती त्यावरच्या खळग्यात बसते. अंगठ्याने आधी हा विरोध मोडायचा, मग पाते मोकळे होते.

ही गोळी पुढे कायद्याच्या कामी आली. अमेरिकेत 1958 पासून खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आहे. 2009 मध्ये त्यात अपवाद घातला गेला: पाते मिटलेले राहावे अशी रचना असेल आणि ते उघडायला हाताचा जोर लागत असेल, तर ती बंदी लागू नाही. न्यूयॉर्कचा कायदा मात्र वेगळा होता. मनगटाच्या झटक्याने पाते उघडले तर तो बेकायदा ‘ग्रॅव्हिटी नाइफ’, आणि झटका देणार पोलीस. 2013 मध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकावर एका शेफला पकडले ते स्पायडरकोच्याच ‘एंड्युरा’सह, पाते उघडायला पोलिसाला चार-पाच प्रयत्न लागले होते. मग कोणाच्या मनगटाने ठरवायचे? 2019 च्या मार्चमध्ये संघीय न्यायाधीशांनी त्याच्या प्रकरणात हा कायदा संदिग्ध ठरवला आणि मे महिन्यात राज्याने तो रद्दच केला. तोवर कितीतरी स्वयंपाकी आणि सुतारांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

युरोपात वारे उलट वाहते. एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर अडकणारा चाकू सबळ कारणाशिवाय सोबत बाळगायला जर्मनीने 2008 पासून मनाई केली. यातले एक काहीतरी सोडा, असा त्याचा व्यवहारी अर्थ. काही कारखानदारांनी खुंटी काढता येईल अशी बनवली. भोक असे उकलून डबीत ठेवता येत नाही. ब्रिटनमध्येही अडकणारे पाते कारणाशिवाय खिशात चालत नाही, न अडकणारे तीन इंचांपर्यंत चालते. त्या बाजारासाठी स्पायडरकोने ‘यूके पेननाइफ’ काढला तेव्हा भोक ठेवले आणि पाते अडकवणारी पट्टी काढली.