इंजिनाचा ठोका नेमका कुठला?



गव्हाला पाणी चालू आहे, विहिरीला पाणी आहे आणि इतकी वर्षे एका सुरात चालणारे जुने डिझेल इंजिन आजच टक-टक करू लागते. अशा वेळी कोणी म्हणतो, "चालतंय तोवर चालू दे." कोणी लगेच सगळे इंजिन खोलून गोणपाटावर मांडतो. पहिल्याचा एखाद दिवशी क्रँक मोडतो, दुसऱ्याचा पैसा आणि पाण्याची पाळी वाया जाते.

मागे एका वस्तीवर मीही असाच फसलो. मिनिटाला ६५० फेरे घेणारे ६ हॉर्सपॉवरचे इंजिन होते. ठोका ऐकला आणि 'बेअरिंग गेले' असे ठामपणे सांगून टाकले. इंजिन खोलले, दोन दिवस पाणी बंद. बेअरिंग चांगले निघाले! पुन्हा जोडले, तर ठोका तसाच. शेवटी बांधावर बसलेल्या त्या शेतकऱ्याच्या आई म्हणाल्या, "सायेब, ठोका पट्ट्याच्या फेऱ्यासंगं येतोय की." पट्ट्याच्या सांध्याची क्लिप उचकटून पुलीवर आपटत होती.

म्हणून पाना हातात घेण्याआधी घड्याळ लावून ठोके मोजा. समजा, इंजिनाची पुली ३० सेंटिमीटर व्यासाची आणि पट्टा ९ मीटर लांब आहे. पुलीच्या एका फेऱ्याला पट्टा सुमारे ९४ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे ६५० फेऱ्यांना पट्ट्याचे जवळजवळ ६८ फेरे होतात. ठोके मिनिटाला ६५ ते ७० भरले तर सांधा पाहा. इंजिनातले ठोके इतके सावकाश नसतात. व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे मिनिटाला ३२५ वेळा. ते मोजता येत नाहीत, पण फरक कानाला लगेच कळतो.

मोजून उलगडा झाला नाही तर इंजिन बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या आणि मगच पट्टा उतरवा. चालत्या पट्ट्याला हात लावू नका. उपरणे, पदर आवरून घ्या. आता नुसते इंजिन थोडा वेळ चालवा. आवाज तसाच राहिला तर दोष इंजिनात. आवाज गेला तर बहुधा पंपात, पण खात्री धरू नका, कारण ओझे उतरले की बेअरिंगचा ठोकाही दबतो.

पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल तर पंपाला पाणी पुरत नाही असे समजा. विहिरीची पातळी खाली गेली की उन्हाळ्यात हे हमखास होते. पंप पाण्यापासून ६-७ मीटरपेक्षा उंच नसावा. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला 'फुटबॉल', पाल्याने तुंबला असेल तरी तसेच होते. बाहेर सोडणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह असेल तर तो किंचित आवळून पाहा. खडखड कमी झाली तर निदान बरोबर. असाच चालवत राहिलात तर आतला पंखा खड्डे पडून झिजतो.

इंजिनाचा आवाज शोधायला कोरडी, सरळ काठी घ्या. एक टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेका, दुसरे कानाजवळच्या हाडाला. फिरत्या भागाजवळ काठी नेऊ नका. वरच्या बाजूला हलकी टिकटिक असेल तर टॅपेटचे अंतर वाढले असेल. ते इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावे. त्यासाठी पाणी थांबवायची गरज नाही.

जड ठोका मात्र अंगावर काढू नका. इंजिन बंद करून आधी मोठे चाक पाहा. चावीच्या खाचेभोवती तांबूस भुकटी दिसली किंवा चाक दांड्यावर जरासेही हलले, तर चावी ढिली आहे. चाक निसटले तर जीव जाईल. चावी पक्की असेल तर ऑइल काढून उन्हात बघा. त्यात चकाकणारी बारीक कणी दिसली तर बेअरिंग झिजते आहे. मग गहू सुकत असला तरी इंजिन चालवू नका. एक पाळी शेजाऱ्याकडून घ्या, मागायला लाज कसली?

मेकॅनिकला निरोप धाडताना 'आवाज येतोय' एवढेच सांगू नका. ठोका मिनिटाला किती, पट्टा काढल्यावर राहतो की जातो, काठीला कुठे मोठा लागतो आणि ऑइल कसे निघाले, हे चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे तो लागणारे सामान घेऊनच येईल.