समुद्राला न मिळणारी नदी

भूगोलाच्या तासाला एक प्रश्न विचारला कीं वर्गांतील सर्व हात एकदम वर होतात : "नदी शेवटीं कोठें जाते?" उत्तर ठरलेलें असतें, "समुद्राला." गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी या आपल्या परिचयाच्या नद्यांपुरतें तें खरेंहि आहे. परंतु आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांत एक मोठी नदी अशी आहे कीं, ती समुद्राकडे पाठ फिरवून वाळवंटाकडे निघते आणि तेथेंच पसरून, जिरून व वाफ होऊन संपते. तिचें नांव ओकाव्हांगो. त्याहून नवलाची गोष्ट ही कीं, तिच्या खालच्या भागांत पूर येतो तो कोरड्या ऋतूंत, महिनेच्या महिने आकाशांत ढगहि दिसत नसतां! हें पाणी कोठून येतें, कसें पसरतें, आणि त्याच्या मागोमाग मनुष्यांनीं आपल्या छावण्या कशा मांडल्या आहेत, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

अंगोला देशाच्या मध्यभागीं एक उंच पठार आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील ऋतु आपल्याहून उलट असल्यामुळें तेथें मुख्य पाऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो. या पठारावर कुबांगो व कुइटो या दोन नद्या उगम पावतात आणि आग्नेयेकडे वाहत येऊन नामिबियाच्या सीमेवर एकमेकींस मिळतात. पुढें नामिबियाची एक अरुंद पट्टी ओलांडून हा संयुक्त प्रवाह मोहेंबो या ठिकाणीं बोट्स्वाना देशांत शिरतो. आरंभीं सुमारे १०० किलोमीटर तो एका लांबट सखल पट्ट्यांतून नागमोडी जातो. नकाशांत हा भाग तव्याच्या दांडीसारखा दिसतो. दांडी संपली कीं तवा लागतो, म्हणजे तेथें नदी हाताच्या बोटांप्रमाणें फांकते आणि हजारों चौरस किलोमीटर प्रदेश पाण्यानें भरून टाकते. हाच ओकाव्हांगोचा त्रिभुज प्रदेश होय.

असें होण्याचें कारण भूमीच्या पोटांत आहे. पूर्व आफ्रिकेंत भूकवच दुभंगून ज्या प्रचंड खचदऱ्या झाल्या आहेत, त्यांचीच एक शाखा येथवर पोंचली आहे, असें भूशास्त्रज्ञ मानतात. भेगांच्या मधली जमीन खचली आणि नदी त्या खळग्यांत अडकली. हा खळगा वाळूनें भरून आतां इतका सपाट झाला आहे कीं, सुमारे साडेतीन किलोमीटर चालावें तेव्हां जमीन कोठें एक मीटर उतरते. अशा भूमीवर पाणी धांवत नाहीं, तें रांगतें.

आतां अवेळीं येणाऱ्या पुराचें कोडें सुटेल. पंढरपुरास ऊन पडलेलें असतां चंद्रभागा दुथडी भरते, कारण पाऊस वर सह्याद्रींत पडलेला असतो. हें आपण जाणतों. ओकाव्हांगोची गोष्ट तीच, फक्त अंतर व काळ फार मोठा. अंगोलांत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पडलेल्या पावसाचा भर मोहेंबोस साधारणतः एप्रिलमध्यें येतो, आणि त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकास असलेल्या माउन शहरीं जून-जुलै किंवा ऑगस्टमध्यें पोंचतो. मोहेंबोपासून माउनपर्यंतचें सुमारे २५० किलोमीटर अंतर मनुष्य दहा-बारा दिवसांत पायीं तोडील. पाण्याला तीन-चार महिने लागतात. वाटेंत लव्हाळे व पपायरस यांचीं दाट बनें त्याला अडवितात आणि तहानलेली वाळू आपला वांटा आधीं घेते.

नदी दरवर्षीं सरासरीनें जवळजवळ १० अब्ज घनमीटर पाणी आणते. त्यांपैकीं शेंकडा पंचाण्णवांहून अधिक पाणी उन्हानें व वनस्पतींच्या पानांवाटे हवेंत उडून जातें. उरलेलें थोडेसें माउनवरून बोटेटी नदींत जाऊन पुढें कालाहारी वाळवंटांत संपतें.

येथें एखादा चतुर विद्यार्थी विचारील : इतकें पाणी उडून गेलें तर मीठ मागें राहावयास नको काय? प्रश्न योग्य आहे. नदी आपल्याबरोबर दरवर्षीं लक्षावधि टन क्षार विरघळलेल्या स्थितींत आणते. तरीहि तेथील पाणी गोडें आहे, आणि त्याचें श्रेय झाडांना व एका क्षुद्र कीटकाला द्यावें लागतें. कोरड्या काळांत वाळवी जमिनीवर वारूळ उभारते. पूर आला कीं तेवढीच जागा पाण्याबाहेर राहते. तेथें पक्षी व पशु बीं टाकतात, झाडें उगवतात आणि हळूहळू बेट तयार होतें. काठावरचीं झाडें मुळांनीं भोंवतालचें पाणी ओढून घेतात व क्षार बेटाच्या मध्याखालीं सांचत जातो. म्हणून अनेक बेटांच्या मधोमध पांढरी, उजाड भूमि दिसते, पण भोंवतालचें पाणी मात्र पिण्यास योग्य राहतें. पाणघोडेहि आपल्या परीनें हातभार लावतात. त्यांच्या नित्य येण्याजाण्यानें गवतांतून वाटा पडतात आणि त्याच पुढें पाण्याच्या वाटा होतात.

या प्रदेशाची वार्ता युरोपांत प्रथम नेणाऱ्यांत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे मिशनरी होते. ऑस्वेल व मरे या सोबत्यांसह कालाहारी ओलांडून, बोटेटीच्या काठाकाठानें ते १ ऑगस्ट १८४९ रोजीं न्गामी सरोवरास पोंचले. वर्षांतील तो कोरडा काळ. तरीहि नदी भरलेली होती. तेथील लोकांना याचें नवल नव्हतें. हें पाणी उत्तरेकडील पुष्कळ नद्यांच्या देशांतून येतें, असें त्यांनीं या पाहुण्यांना सांगितलें. पाहुण्यांना जो शोध वाटला, तें तेथील रहिवाश्यांचें जुनें ज्ञान होतें, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

हल्लीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येथें 'सफारी' करण्यास जातात. हा शब्द स्वाहिली भाषेंतून आला असला तरी त्याचें मूळ अरबी आहे, आणि आपला 'सफर' हा शब्द त्याच मुळाचा. प्रवासी माउनहून लहान विमानानें अरण्यांतील छावणीस जातात. छावणी म्हणजे बहुधा लांकडी चौथऱ्यांवर उभारलेले दहा-बारा तंबू असतात. थोड्या पाहुण्यांकडून अधिक पैसा घ्यावा, पण अरण्यांत गर्दी होऊं देऊं नये, असें तेथील सरकारचें धोरण आहे.

छावणीचा दिनक्रम घड्याळ ठरवीत नाहीं, पाणी ठरवितें. डिसेंबर ते मार्च स्थानिक पावसाचे दिवस. तेव्हां डबकीं भरतात, गवत वाढतें, जनावरें दूरवर पांगतात, आणि पक्षी पाहणारांना मोठी पर्वणी लाभते. मेपासून ऑगस्टपर्यंत पुराचे दिवस. तेव्हां कालपर्यंत जेथें मोटार जात होती तेथें आज होडी लागते. ही होडी म्हणजे 'मोकोरो'. बायेई लोक एकाच झाडाचें खोड कोरून ती करीत व लांब काठीनें रेटीत. मोठीं झाडें वांचावीं म्हणून आतां ती बहुधा काचतंतूंची करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्यें पाणी ओसरतें, ऊन कडक होतें, आणि हत्ती, रानम्हशी, लेचवे नांवाचीं हरणें व त्यांच्या पाठोपाठ सिंह उरल्या पाण्याभोंवतीं एकत्र येतात. ज्या छावण्या बारमाही पाण्यावर आहेत तेथें होडी वर्षभर चालते, पण मोटारीस वाट नसते. ज्या कोरड्या भूमीवर आहेत तेथें मोटार चालते, पण होडी पुरापुरतीच. म्हणून जाणते प्रवासी 'छावणी कोणती?' याबरोबरच 'महिना कोणता?' हेंहि विचारतात.

हें अरण्य राखण्याचा पुढाकार प्रथम कोणीं घेतला, हेंहि सांगण्याजोगें आहे. शिकारीच्या अतिरेकानें वन्य पशु कमी होत चाललेले पाहून बाटावाना लोकांनीं १९६३ सालीं आपल्याच पूर्वजांच्या भूमीचा कांहीं भाग अभयारण्य म्हणून राखून ठेविला. त्या वेळीं दिवंगत राजे तिसरे मोरेमी यांच्या पत्नी राज्यकारभार पाहत होत्या. हेंच आजचें मोरेमी अभयारण्य. पुढें २०१४ सालीं युनेस्कोनें ओकाव्हांगोचा त्रिभुज प्रदेश जागतिक वारशाच्या यादींत घेतला. त्या यादींतील तें हजारावें स्थळ होतें.

परंतु पाणी कोणाचें बांधील नसतें. याच भागांतील साव्हुटी नांवाचा प्रवाह १९८० नंतर लवकरच आटला आणि सुमारे पाव शतक कोरडा राहिला. त्याच्या पात्रांत जंगली जनावरें चरूं लागलीं. नंतर तो पुन्हा वाहिला आणि पुन्हा थांबलाहि. २०१९ सालीं पूर इतका अल्प आला कीं, माउनजवळचें नदीपात्र सुकलें आणि पाणघोडे उरल्यासुरल्या डबक्यांतील चिखलांत दाटीवाटीनें पडून राहिले. पुढच्या वर्षीं वर चांगला पाऊस झाला तेव्हां कोठें त्या पात्रांत पुन्हा पाणी आलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या पाण्यावर बोट्स्वानांतील हीं अरण्यें, छावण्या, कोळी, होडीवाले व शेतकरी जगतात, तें पाणी त्यांच्या देशांत पडत नाहीं. अंगोला व नामिबिया यांनीं तें वरच अडविलें तर खालच्यांनीं काय करावें? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. १९९६ सालच्या सुमारास नामिबियांत मोठा दुष्काळ पडला असतां, राजधानीची तहान भागविण्यासाठीं रुंडू गांवापासून सुमारे २५० किलोमीटर नळ घालून नदीचें पाणी न्यावें, अशी योजना पुढें आली. खालच्या लोकांना धास्ती पडली. नामिबियाच्या लोकांची तहानहि खोटी नव्हती. पुढें पाऊस झाला व योजना मागें पडली; परंतु दोन्ही पक्षांची गरज खरी असली म्हणजे न्याय करणें किती कठीण असतें, तें त्या वेळीं दिसून आलें. सुदैवानें या तिन्ही राष्ट्रांनीं १९९४ सालींच एक संयुक्त आयोग स्थापिला होता. नदीच्या पाण्याविषयीं परस्परांशीं विचारविनिमय करावा, हें त्याचें काम आजहि चालू आहे.

समुद्राला मिळालेलें पाणी फुकट गेलें, असें आपल्याकडे पुष्कळदां म्हणतात. मग जी नदी समुद्रापर्यंतहि जात नाहीं, वाळवंटांतच संपते, ती तर सर्वस्वीं वायां गेली म्हणावयाची काय? वारुळावर उगवलेल्या झाडास, काठावरच्या कोळ्यास, ऑक्टोबरच्या उन्हांत पाण्याशीं आलेल्या हत्तिणीस विचारा. आपल्या गांवांतहि पाट वरच्या शेतांतून खालच्या शेतांत जातो, आणि वरच्यानें बारें मोडून दिलें नाहीं तर खालचें पीक वाळतें. ओकाव्हांगोच्या काठीं तोच पाट तीन राष्ट्रांतून जातो, एवढाच काय तो फरक. पुढच्या वेळीं वर्गांत कोणी विचारलें कीं नदी शेवटीं कोठें जाते, तर विद्यार्थ्यांनो, उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थांबा, आणि नकाशांत त्या नदीच्या खालच्या टोकास कोण राहतें, तें आधीं शोधून काढा.