पृथ्वीला सव्वा वेढा घालणारा दांडा

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतात. २०५० साली भारतात साठी ओलांडलेली माणसं ३४ कोटी ७० लाख असतील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. साठीनंतर आपल्याकडे माणूस सरासरी १८ वर्षं जगतो. गुणाकार केला तर आकडा ६२० कोटींच्या पुढे जातो. ही नुसती म्हातारपणाची वर्षं, एका देशातल्या एका पिढीची, आणि ती पृथ्वीच्या वयापेक्षा जास्त भरतात.

एवढी वर्षं माणसं काढणार कुठे? २०११च्या जनगणनेत देशातले ७१ टक्के ज्येष्ठ खेड्यात होते. म्हणून हा हिशेब राणीसावरगावात आणून मांडायला हवा.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगाला असलेलं हे रेणुकादेवीचं गाव. दिवाळी सरली की या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने घर सांभाळतात ती म्हातारी माणसं. नातवंडांची शाळा, शेळी, रेशन, पाणी सगळं त्यांच्यावर. राज्यात ऊसतोड मजूर दहा लाखांच्या आसपास धरले जातात, आणि साखरेचा धंदा चालतो तो मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या बिनपगारी कामावरही. हे कुणी ताळेबंदात धरत नाही, ते धरायला हवं.

आता गुडघ्याचं बघा. पायरी चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, आणि उतरताना त्याहूनही थोडा अधिक. पन्नास किलोच्या आजीच्या एका गुडघ्यावर प्रत्येक पायरीला दीड क्विंटल, म्हणजे ज्वारीचं दीड पोतं. सरकारी इमारतींसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पायरीची उंची १५ सेंटिमीटरपर्यंतच ठेवायला सांगितलंय. एस.टी.ची पहिली पायरी त्यापेक्षा कितीतरी उंच असते. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट आहे. निर्णय उत्तमच. पण फुकट तिकिटाची आजी पिशवी काखेत मारून, दोन्ही हातांनी दांडी धरून, मागून कुणी ढकलेल याची वाट बघत खालीच उभी असते. डेपोतल्या सगळ्या गाड्या काही उद्या बदलणार नाहीत. थांब्यावर मात्र वीतभर उंचीचा, कडेला उतार असलेला ओटा बांधता येतो. चार पोती सिमेंट आणि गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम. तेवढी वीतभर उंची कमी झाली की तालुक्याचा दवाखाना आवाक्यात येतो.

यापेक्षा मोठा धोका घरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा नंबर याचाच, आणि मरणाऱ्यांत साठीपुढची माणसं सर्वाधिक. मिनिटाला एकाहून जास्त; हे पान वाचून होईपर्यंत पाच-सहा जण गेलेले असतील. आपल्याकडे न्हाणीत पडलं की लोक म्हणतात, वय झालं होतं. मला हे पटत नाही. ओली फरशी, मिणमिणता दिवा आणि धरायला काही नाही, या तिन्ही गोष्टींचा वयाशी काय संबंध?

स्वच्छ भारत अभियानात २०१९पर्यंत खेड्यापाड्यांत १० कोटींहून जास्त संडास बांधले गेल्याचं सरकार सांगतं. बहुतेक उकिडवं बसायचे. तिथे बसणं एकवेळ जमतं, उठणं जमत नाही. भिंतीत अर्ध्या मीटरचा लोखंडी पाइप बसवला तर उठता येतं. प्रत्येक संडासात असा एक दांडा बसवला, तर पाइपची एकूण लांबी ५० हजार किलोमीटर भरेल. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आहे. सव्वा वेढा! देशाला हे काम डोंगराएवढं वाटेल, पण एका गावाला ते फार तर काही शे दांड्यांचं आहे, गावातल्या वेल्डरला पंधरवड्यात उरकणारं.

वेळ मात्र फार नाही. लोकसंख्येतला साठीपुढच्यांचा वाटा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जायला फ्रान्सला जवळपास दीडशे वर्षं मिळाली. भारताला जेमतेम वीसेक वर्षं मिळणार आहेत. महाराष्ट्रात २०११ सालीच हा वाटा ९.९ टक्के होता. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात पाचशे माणसं. त्यांची यादी गावच्या आशाताई चार दिवसांत करून देतील: कोण एकटं राहतं, कुणाला दिसत नाही, कुणाच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे मशीन घेत नाही.

त्या ठशांवर श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेचा पगार अडतो. महिना १,५००, दिवसाला ५० रुपये. ८० वर्षांखालच्यांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता, आजही २००च आहे. आणि पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात २९७ रुपये होती. घरातल्या सुनेनं ७१ दिवस खडी फोडली की २१,०८७ रुपये होतात आणि कागदावर सासू अपात्र ठरते. सरकारनेच १०० दिवस कामाची हमी दिलेली होती! ही मर्यादा ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

ती मुंबईत बदलायची गोष्ट. गावात बदलायच्या गोष्टींना मुंबईची वाट बघायचं कारण नाही. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेच लागतात, तसाच ठराव म्हाताऱ्यांसाठी करायला कुणाची आडकाठी आहे? थांब्यावरचा ओटा, संडासातले दांडे, बाजाराच्या वाटेवर सावलीत टेकायला दोन-तीन बाकं. ग्रामसभा १५ ऑगस्टला असते आणि २ ऑक्टोबरलाही असते, कोयते निघायच्या आधी. त्या वेळी मुलं-सुना गावात असतात.