बोटीची सहल : आधी ठरवावी की ऐन वेळी?

मुलांनो, मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी स्वस्त का होते, हे आजीला विचारा. उद्या शिळी भाजी कोण घेणार? क्रूझच्या बोटीतल्या रिकाम्या खोलीचेही तसेच. बोटीने बंदर सोडले की त्या खोलीचे पैसे बुडाले. म्हणून उरलेल्या खोल्या कधीकधी शेवटी स्वस्त मिळतात.

मग आपण थांबावे का? गुंगालिनहून सिडनीचे बंदर गाडीने तीन-साडेतीन तासांवर, तेव्हा ऐन वेळी निघणे अवघड नाही. पण आपल्याला शाळेच्या सुट्टीतच जाता येते आणि चौघांची खोली लागते. अशा खोल्या मोजक्याच, त्या आधी भरतात.

एका वर्षी आम्ही स्वस्ताईच्या आशेने थांबलो. शेवटी दोघांची एकच खोली उरली. पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना बोट धक्क्यावरूनच दाखवली!

पाहुण्यांचा व्हिसाही आधी पाहावा. बोट परदेशी बंदरात जाणार असेल, तर परतताना तो चालेल का, हे विचारून घ्यावे.

थोडक्यात, दोघेच असाल आणि कोणतीही तारीख चालत असेल तर थांबा. सगळे घर निघणार असेल तर आधीच ठरवा.